पंप सीपीयूच्या तापमानावर सोडावा की एकाच वेगावर ठेवावा?

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवणारा लूप (पंप, नळ्या, चिपवर बसणारा ब्लॉक आणि उष्णता हवेत टाकणारा रेडिएटर) भरून झाला, कुठे गळत नाही याची खात्री झाली, की पुढचा प्रश्न पंपाचा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन त्याला सीपीयूच्या तापमानाचा कर्व्ह लावायचा, म्हणजे तापमान चढेल तसा वेग चढेल असं करायचं, की एक वेग ठरवून त्याला विसरून जायचं? मी दोन्ही वापरून पाहिलंय. सध्या दुसऱ्या पद्धतीवर आहे. पहिलीवर खूश असलेलेही बरेच आहेत आणि त्यांची कारणं अगदीच चुकीची म्हणता येणार नाहीत.

कर्व्हच्या बाजूने बोलायचं तर खर्च शून्य. मदरबोर्डला सीपीयूचं तापमान आधीच माहीत असतं. पंपाची पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारी) वायर बोर्डवरच्या हेडरला, म्हणजे पिनांना, लावली की दोन मिनिटांत काम होतं. नुसतं लिहिणं-वाचणं चालू असेल तेव्हा पंप तळाला जातो आणि खोलीत खरोखर शांतता असते. डीडीसी जातीचा पंप असेल तर हा फायदा मोठा, कारण वेग वाढला की त्याचा आवाज डी५ या दुसऱ्या जातीच्या पंपापेक्षा लवकर टोचायला लागतो. मशीन दिवसभर जवळजवळ निष्क्रिय आणि मग सलग दोन तास रेंडर, असं तुमचं काम असेल तर कर्व्ह लावून तुम्ही सुखी राहाल.

माझं काम तसं नाही, आणि तिथेच गाडं अडलं. आजचे प्रोसेसर ब्राउझरमध्ये एखादं जड पान उघडलं तरी क्षणभर बूस्टला (नेहमीपेक्षा वरच्या वेगाला) जातात. चिपचं तापमान चाळिशीतून पासष्टीला जातं आणि पापणी लवायच्या आत परत येतं. पंप इमानदारीने त्याच्यामागे धावतो: वर, खाली, पुन्हा वर. फाइल उघडली, वर. झिप सोडवली, वर. आवाज मोठा होता अशी माझी तक्रार नाही. तो बदलत होता, ही तक्रार आहे. सलग एकसुरी गुणगुण कान थोड्या वेळाने ऐकेनासे होतात, पण सूर चढला-उतरला की लक्ष हमखास तिकडे जातं. त्यात माझ्या केसची (कॅबिनेटची) बाजूची पट्टी एका ठरावीक वेगाला थरथरते. कर्व्ह दर वेळी त्या वेगावरून वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा जायचा. रात्री शांतपणे काम करताना हे किती डोक्यात जातं, ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल.

यावर उपाय आहे, तो म्हणजे बायोसमधला विलंब. वेग चढायला आणि उतरायला किती सेकंद घ्यावेत ते बहुतेक बोर्डांवर ठरवता येतं. मी तो जमेल तितका ताणला आणि त्रास बराच कमी झाला, हे मान्य. पण मग विचार आला, की चिपच्या क्षणिक उड्या दिसू नयेत म्हणून एवढी खटपट करायची असेल, तर मुळात चिपचं तापमान पाहायचंच कशाला?

कारण त्या उड्यांवर पंपाकडे इलाज नसतोच. उडी होते ती चिपपासून ब्लॉकपर्यंतच्या वाटेत. पाण्याला तर अजून काही कळलेलंही नसतं. लिटरभर पाण्यात २५० वॉट ओतले आणि रेडिएटरने काहीच बाहेर टाकलं नाही असं धरलं, तरी पाणी एक अंशाने चढायला साधारण १७ सेकंद लागतात. प्रवाहाचंही तसंच. २०० वॉटच्या भाराला ताशी ६० लिटर पाणी फिरत असेल तर ब्लॉकमधून बाहेर पडणारं पाणी आत जाणाऱ्यापेक्षा सुमारे तीन अंशांनी गरम असतं. प्रवाह दुप्पट केला की हाच फरक दीड अंशाच्या आसपास येतो, आणखी दुप्पट केला की पाऊण. म्हणजे पुढे पुढे फक्त आवाज विकत घेतला जातो. माझ्याकडे डी५ अर्ध्यावरून पूर्ण ४८०० आरपीएमला नेला तेव्हा सीपीयूच्या तापमानात दोनेक अंशांचा फरक दिसला, तोही सलग लोडमध्ये. तुमचा ब्लॉक पाण्याला जास्त अडवणारा असेल तर थोडा अधिक दिसेल.

आणि ग्राफिक्स कार्ड त्याच लूपमध्ये असेल तर सीपीयूचा कर्व्ह अर्धवट आंधळाच. गेममध्ये पाण्यात सगळ्यात जास्त उष्णता ओततं ते कार्ड, आणि पंप मात्र सीपीयूकडे बघत बसतो.

म्हणून माझी मांडणी अशी: पंप एकाच वेगावर, पंखे पाण्याच्या तापमानावर. वेग निवडला तो कानाने. वरून हळूहळू खाली आणत गेलो आणि केसच्या थरथरीपासून लांब, आवाज बंद दाराआडचा वाटेल तिथे थांबलो. (लूप नवा भरला असेल तर बुडबुडे निघेपर्यंत पंप पूर्ण वेगाला ठेवा, मग खाली आणा.) पाण्यासाठी जी १/४ आट्यांचा (लूपच्या जोडण्यांचं नेहमीचं माप) १० किलोओहमचा सेन्सर लागतो, आणि मदरबोर्डवर त्याच्यासाठी दोन पिनांचं हेडर. ते नसेल तर क्वाड्रोसारखा वेगळा कंट्रोलर घ्यावा लागतो, आणि फुकटात काम भागवायचं असेल तर हा खर्च नक्कीच खुपेल. पाण्याचं तापमान खोलीच्या हवेवर अवलंबून असल्याने उन्हाळ्यात पंख्यांचा कर्व्ह थोडा वर सरकवावा लागतो, हीही एक कटकट आहेच. हवेला दुसरा सेन्सर लावून दोघांमधल्या फरकावर पंखे चालवता येतात, पण तेवढ्या फंदात मी पडलो नाही. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे पंखेही हळूच चढतात. मला तेवढं पुरतं.

अनेक रेडिएटर आणि दोन-तीन ब्लॉक असतील तर माझ्यासारखा कमी वेग कदाचित पुरणार नाही. तिथे जरा वरचाच वेग पक्का करा.

दोन्हींपैकी काहीही निवडलंत तरी पंपाची टॅको (वेग कळवणारी) वायर सीपीयू फॅनच्या हेडरला लावा, म्हणजे पंप बंद पडला तर बोर्ड ओरडेल. एकाच वेगाचा इथेही उपयोग होतो. कर्व्हवर १८०० आरपीएम दिसले तर ते ठीक की बिघाड, हे त्या क्षणीचं तापमान पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. माझ्याकडे आकडा ठरलेला आहे, त्यामुळे इशाऱ्याची मर्यादा त्याच्या जरा खाली लावून ठेवलीये.