‘ड्रॅक्युला’ : सहा महिन्यांच्या वाचनानंतर

ब्रॅम स्टोकर यांची १८९७ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मी या वर्षी प्रथमच वाचली. रोजनिशा, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून ती उलगडते. कथेची सुरुवात ३ मे रोजी होते आणि शेवटची नोंद ६ नोव्हेंबरची आहे. म्हणून अप्पा बळवंत चौकातून इंग्रजी प्रत आणली आणि ज्या तारखेची नोंद त्याच दिवशी वाचायची, असा नेम धरला.

मे महिन्यात पुण्याच्या उकाड्यात खिडक्या उघड्या टाकून मी काउंट ड्रॅक्युला या रक्तपिपासू उमरावाकडे गेलेल्या तरुण वकिलाची, जोनाथन हार्करची, किल्ल्यातली रोजनिशी वाचत होतो. काउंट भिंतीवरून डोके खाली करून पालीसारखा उतरतो, ती १२ मेची नोंद वाचल्यावर मात्र खिडकी लावून घेतली. पण खरी भीती मला पुढच्या रिकाम्या दिवसांनी दाखवली. ३१ मेनंतर जोनाथन थेट १७ जूनलाच लिहितो. एरवी पुढच्याच ओळीवर संपणारे हे अंतर मला सतरा दिवस सोसावे लागले. ३० जूननंतर तर तो नाहीसाच होतो, आणि इंग्लंडमधल्या व्हिटबी या बंदरगावी त्याच्या पत्राची वाट पाहणाऱ्या त्याच्या वाग्दत्त वधूला, मीनाला, त्याची खुशाली १९ ऑगस्टला कळते. ऐन पावसाळ्यातले ते सात आठवडे मीही तिच्याबरोबर वाट पाहिली. सलग वाचले असते तर तिची ही घालमेल मला इतकी कळली नसती, असे मला मनापासून वाटते.

एका ठिकाणी मात्र हा नेम मोडावा. डिमीटर जहाजाची नोंदवही जुलैपासून सुरू होत असली तरी लेखकाने ती ८ ऑगस्टच्या कात्रणानंतर ठेवली आहे. मी ती तारखांप्रमाणे वाचली आणि वादळातून बंदरात शिरणाऱ्या त्या जहाजाचे रहस्य हातचे घालवले.

सप्टेंबरपासून मजकूर फार वाढतो. रक्तगटांचा शोध लागण्यापूर्वीची ही कादंबरी असल्याने काउंटने रक्त शोषलेल्या ल्युसीला, मीनाच्या मैत्रिणीला, चार पुरुषांचे रक्त कसलीही तपासणी न करता दिले जाते, हे आज वाचताना अंगावर येते. तिच्यावर उपचार करणाऱ्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगची लांबलचक भाषणे मला कंटाळवाणी वाटली. त्याहून अधिक खटकले ते मीनाला काउंटविरुद्धच्या मसलतीतून वगळणे. सगळ्यांच्या नोंदी टंकलिखित करून तारीखवार लावते ती मीना. तिलाच पुरुष मंडळी जपण्याच्या नावाखाली दूर ठेवतात आणि त्याच काळात काउंट तिच्यापर्यंत पोहोचतो. पुढे तो मूळ कागद जाळतो, तेव्हा तिजोरीतली दुसरी प्रत तेवढी वाचते.

६ नोव्हेंबरनंतर, सात वर्षांनी लिहिलेले जोनाथनचे एक छोटे टिपण आहे. त्यावर तारीख नाही, म्हणून ते मी त्याच रात्री वाचले.