पीएलसीत टाइम लॉक टाकून पैसे उकळले: सर्वो ऑटोमेशन करून घेणाऱ्यांनी वाचा

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात जुन्या मशिनला सर्वो (पोझिशन अचूक धरणाऱ्या मोटरा) बसवून घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. मला फसवणाऱ्या माणसाचं नाव लिहीत नाही, कारण वकिलांनी मना केलंय. पण ज्याचं कोटेशन सध्या तुमच्या टेबलावर पडलंय तो हाच असू शकतो, किंवा याचाच भाऊबंद.

माझ्याकडे कास्टिंगच्या फ्लँजला ड्रिल मारायचं एसपीएम, म्हणजे त्याच एका कामासाठी बनवलेलं मशिन आहे. हायड्रॉलिकवर वर्षानुवर्षं चाललं. मग गिऱ्हाइकाने भोकांच्या पोझिशनचा टॉलरन्स (चालवून घ्यायचा फरक) आवळला, रिजेक्शन वाढलं आणि तिन्ही ॲक्सिस सर्वोवर घ्यायच्या ठरवल्या. एक्स आणि वायला ७५० वॅट, वर-खाली जाणाऱ्या झेडला ब्रेकसहित दीड किलोवॅट, पीएलसी (मशिन चालवणारा छोटा कंट्रोलर), सात इंची एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन), पॅनल, वायरिंग, प्रोग्रॅम. सगळं मिळून ५,७०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी १,०२,६००. म्हणजे ६,७२,६००. ॲडव्हान्स २,५०,०००, पॅनल आल्यावर २,५०,०००, ट्रायलनंतर १,७२,६००. पै न् पै बँकेतून दिली.

आणि मी डोळे मिटून काम दिलं नव्हतं. जीएसटी नंबर पोर्टलवर तपासला, तो चालू होता. दोन कारखान्यांत जाऊन त्याने केलेली मशिन चालताना पाहिली. कोटेशनही सर्वांत स्वस्त नव्हतं. यापेक्षा जास्त चौकशी आपल्यातला कोण करतो?

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. ट्रायलच्या दिवशी त्याचा मुलगा लॅपटॉप लावून पॅनलसमोर स्टुलावर बसला होता. मी मागेच उभा होतो. त्याने पीएलसीची तारीख आणि वेळ सेट केली. स्वतःच्या मोबाइलवर बघून, मिनिटासकट. मी विचारलं, "अरे, ड्रिल मारायच्या मशिनला तारखेचं काय काम?" तो म्हणाला, "काका, अलार्म हिस्टरीसाठी लागते." एचएमआयवर अलार्म हिस्टरीचं पान खरंच होतं, त्यात तारीख-वेळ दिसत होती. उत्तर बरोबर होतं, म्हणूनच तर ते माझ्या गळी उतरलं. दहा वर्षं प्रोग्रॅमिंग केलेल्या माणसालाही त्या उत्तरात खोट दिसली नसती. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच मशिनमध्ये, माझ्याच पैशाने कुलूप बसवलं जात होतं!

दिवाळीच्या तोंडावर, डिस्पॅच डोक्यावर असताना मशिन थांबलं. एचएमआयवर लाल अक्षरांत 'ड्राइव्ह फॉल्ट, कॉन्टॅक्ट सर्व्हिस'. फोन केला तर म्हणे, "मालक, सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलंय, ६०,००० भरा, कोड देतो." कोटेशनमध्ये लायसन्सचा एक शब्द नाही. पण माल गेला नाही तर गिऱ्हाइकाचा दंड, कामगारांचा बोनस द्यायचा, लाइन उभी. यूपीआयने ६०,००० पाठवले. सहा आकडी कोड आला, मशिन चालू झालं. पोटावर पाय ठेवून काढलेले पैसे आहेत ते. होळीच्या सुमाराला पुन्हा तेच, आणि या वेळी मागणी १,२०,०००.

तेव्हा हिसका बसला आणि दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने पॅनल उघडून पहिलीच गोष्ट दाखवली: तिन्ही ड्राइव्हच्या (मोटरला वीज देऊन चालवणाऱ्या युनिटच्या) स्वतःच्या डिस्प्लेवर एकही अलार्म कोड नव्हता. ड्राइव्हला खरोखर फॉल्ट आला तर तो ड्राइव्हवर आकड्यात दिसतोच. एचएमआयवरचा मेसेज निव्वळ बनावट, प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेला. तारीख उलटली की मोटरा चालू ठेवणारा सर्वो ऑनचा आउटपुट बंद आणि वर हा मेसेज. तारीख मागे करून बघितली, तरी सुटेना. पीएलसीला पासवर्ड, त्यामुळे प्रोग्रॅम वाचता येईना. मेमरी साफ करता येते, पण मग प्रोग्रॅमही जातो. मशिन चालू करतानाच प्रोग्रॅमची सोर्स फाइल, एचएमआयचा प्रोजेक्ट, ड्राइव्हच्या पॅरामीटरची फाइल आणि पासवर्ड हातात घ्या. तोंडी नाही, परचेस ऑर्डरमध्ये. "मेल करतो" म्हणाला की समजा, येणार नाही.

पुढचं जास्त भयंकर आहे. झेडच्या मोटरला ब्रेकच नव्हता! ब्रेकवाल्या मोटरला ब्रेकच्या कॉइलच्या वायरी वेगळ्या येतात, पॅनलमध्ये २४ व्होल्टचा रिले लागतो. इथे रिलेही नाही आणि वायरीही नाहीत. सर्वो बंद झाला की हेड हळूहळू खाली यायचं, कारण हेड वर-खाली करणारा बॉल स्क्रू वजनाने उलटा फिरतो. मी हे आधीच विचारलं होतं. "नवीन ग्रीस आहे मालक, बसेल," असं ठोकून दिलं होतं त्याने. एकदा लाइट गेली आणि ड्रिल धरणारा स्पिंडल जॉबवर येऊन टेकला. त्याच्या जरा आधी ऑपरेटर तिथे हात घालून बुरादा काढत होता. त्याच्या घरी मी कोणत्या तोंडाने गेलो असतो?

इमर्जन्सी बटण? फक्त पीएलसीच्या इनपुटला जोडलेलं, तेही एनओ (दाबल्यावर जुळणाऱ्या) कॉन्टॅक्टवर. वायर सुटली तर बटण दाबून काही होणार नाही आणि कळणारही नाही. बटण एनसी (दाबल्यावर तुटणारं) हवं, सेफ्टी रिलेतून ड्राइव्हच्या एसटीओला (मोटरची ताकद तोडणाऱ्या सुरक्षा इनपुटला) गेलेलं हवं. आमच्या ड्राइव्हमध्ये एसटीओच्या कनेक्टरला कंपनीतून आलेला जंपर तसाच लावलेला होता, म्हणजे एसटीओ वापरातच नव्हता. वायरींना फेरूल नंबर (वायर ओळखायचे आकडे) नाहीत, ड्रॉइंग नाही, आणि मोटरची जागा कळवणाऱ्या एन्कोडरच्या केबली मोटरच्या पॉवर केबलींसोबत एकाच डक्टमध्ये कोंबलेल्या. एका ड्राइव्हचा सिरीयल नंबर कंपनीला कळवला, तर तो कधीच दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकलेला निघाला. नंबर पैसे द्यायच्या आधी तपासा, नंतर नव्हे.

सगळं नव्याने करावं लागलं: एकेक वायर शोधून प्रोग्रॅम पुन्हा लिहायला ८५,०००, पॅनलचं वायरिंग ४२,५००, ब्रेकची मोटर ४८,०००. म्हणजे १,७५,५००, आणि आधीचे ६०,००० धरून २,३५,५००. थांबलेल्या मालाचा हिशोब वेगळाच.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात तासन् तास बसवून साहेबांनी बिल बघितलं आणि म्हणाले, "हा सिव्हिल मॅटर आहे." का? कारण बिलावर 'ऑटोमेशन वर्क, १ लॉट' एवढंच. कोटेशनमध्ये ब्रेक लिहिलाय, हे दाखवलं तर "ते कोटेशन आहे हो". एका ओळीचं लॉटचं बिल कधीही घेऊ नका, मॉडेल आणि सिरीयल नंबर टाकून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ छापून नेलं होतं. मालकाच्या परवानगीविना संगणक यंत्रणा अडवणं, वापर नाकारणं, सगळं त्यात आहे, आणि कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. साहेबांनी कागद पालथा ठेवला: "पीएलसी म्हणजे कॉम्प्युटर नाही ना." भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली फसवणूक घ्या म्हटलं, तर "अर्ज ठेवून जा". सायबरवाल्यांनी सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. मग खंडणीत पैसे कोण देतं, देणाराच ना?

जिल्हा उद्योग केंद्रात गेलो. तिथे कळलं की २००६ च्या एमएसएमई कायद्याखालची परिषद पुरवठादाराचे थकलेले पैसे मिळवून देण्यासाठी आहे. मी गिऱ्हाईक, म्हणून माझी तक्रार बसत नाही. त्या भामट्याची उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी असेल तर शेवटचा हप्ता अडवून ठेवणाऱ्यावर तोच तिथे जाऊ शकतो, बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागत! ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, व्यापारी वापरासाठी घेतलंय, टिकणं कठीण. राहिलं व्यावसायिक न्यायालय. तीन लाख किंवा त्याहून जास्तीचा दावा तिथे जातो, पण तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला बसायचं. म्हणजे त्याच माणसासमोर खुर्ची टाकायची आणि "थोडं तुम्ही सोडा, थोडं ते सोडतील" ऐकायचं. मी काय सोडू? ऑपरेटरचा हात?

वकिलाची नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत आली. जीएसटी नंबर पोर्टलवर अजूनही चालू दिसतोय, म्हणजे धंदा जोरात आहे. त्याचं काम तुमच्याकडे चालू असेल तर १० टक्के रक्कम सहा महिने अडकवून ठेवायची अट आजच लेखी घाला. पीएलसीची तारीख त्याच्यासमोर दोन वर्षं पुढे करून मशिन चालवून दाखवायला सांगा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. तसला मेसेज स्क्रीनवर आलाच असेल तर एक रुपया पाठवू नका. आधी ड्राइव्हचा डिस्प्ले बघा, मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्याचा फोन रेकॉर्ड करा. आणि झेड ॲक्सिसखाली लाकडी ठोकळा लावल्याशिवाय कुणाला हात घालू देऊ नका.