सेसनात कोणता बीकन: जुना १२१.५, बसवलेला ४०६ की खिशातला?

पुण्यातले तिघे-चौघे भागीदारीत जुनं चार आसनी सेसना घ्यायला निघाले, की इंजिनाचे उरलेले तास आणि रेडिओ यांवर महिनाभर काथ्याकूट होतो. शेपटीकडच्या भगव्या डब्याबद्दल, म्हणजे विमान पडल्यावर संकटाचा इशारा पाठवणाऱ्या ईएलटी बीकनबद्दल, फार तर एवढंच विचारलं जातं: "आहे ना? मग झालं." पण तो कुठला आहे, यावर बरंच काही ठरतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पौडजवळ आणि ऑक्टोबरमध्ये बावधनला हेलिकॉप्टर कोसळलं, तेव्हा जागा शोधत बसावं लागलं नाही, वस्ती जवळ होती. तेच वेल्ह्याच्या पलीकडे, ऐन आषाढात, ढग डोंगरावर टेकलेले असताना घडलं तर? जंगल असं की शंभर फुटांवरचं विमान दिसायचं नाही. खरेदीचा विचार ही जागा डोळ्यांसमोर ठेवून करा.

जुना १२१.५ मेगाहर्ट्झचा डबा नुसता सायरन वाजवतो. कुणाचं विमान, कुठे, काही सांगत नाही. शिवाय या वारंवारतेवर पिझ्झा ओव्हन आणि एटीएमसुद्धा उपग्रहांना चकवत. संकटाचे इशारे उपग्रहांवरून टिपणाऱ्या कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेने १ फेब्रुवारी २००९ पासून ती उपग्रहावरून ऐकणं बंद केलं. आता तो आवाज एखाद्या वैमानिकाने किंवा टॉवरने नेमका तिथे रेडिओ लावला असेल आणि तो टप्प्यात असेल, तरच पोहोचणार. विकणारा "ईएलटी चालू आहे" म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो, पण हा डबा असेल तर त्याची किंमत शून्य धरा.

४०६ मेगाहर्ट्झचा डबा दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा डिजिटल संदेश सोडतो, ५ वॉटने. जुन्याची ताकद ०.१ वॉट. संदेशात त्या बीकनची स्वतःची ओळख असते. जीपीएस जोडलेलं असेल तर जागा शे-सव्वाशे मीटरच्या आत कळते. नसेल तर ती डॉप्लरवरून, म्हणजे उपग्रहाला ऐकू येणाऱ्या वारंवारतेतल्या फरकावरून काढतात, आणि चूक पाचेक किलोमीटरची धरावी लागते. जुन्यात तीच वीसेक किलोमीटरची होती. घाटात पाच किलोमीटर म्हणजे मधे दोन दऱ्या. म्हणून जीपीएसचे जास्तीचे पैसे मी वाचवणार नाही. शोधपथक जवळ आल्यावर लागणारा १२१.५ चा सूर यातही असतोच.

आदळल्यावर तो आपोआप चालू होतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, कारण आतली माणसं शुद्धीवर असतीलच असं नाही. दुखणं मात्र वायरीचं. ९ ऑगस्ट २०१० ला अलास्कात माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स यांचं विमान डोंगरावर आदळलं. डबा पट्ट्यातून निसटला, अँटेनापासून तुटला आणि इशारा कुणापर्यंत गेलाच नाही. तेव्हा विमान बघायला जाल तेव्हा शेपटीचं झाकण उघडून हात घाला. डबा हलतो का? व्हेल्क्रोच्या पट्टीवर अडकवलाय की धातूच्या क्लॅम्पने आवळलाय? अँटेना जवळ आहे, की वायर लांबवर फिरवलीय? बॅटरीवरची तारीख वाचा. ब्रोशरमधल्या बाकीच्या सोयींवर वेळ घालवू नका.

खिशातला पीएलबी, म्हणजे माणसाने जवळ बाळगायचा छोटा बीकन, ४०६ वरच बोलतो आणि बरेच स्वस्तात येतो. किमान २४ तास चालतो, पण अँटेना उलगडून बटण तुम्हीच दाबायचं. हातच मोडला असेल तर? उलट विमान पेटलं किंवा पाण्यात गेलं, तर बाहेर पडलेल्या माणसाकडे तोच असतो. बुडालेल्या डब्याचा रेडिओ इशारा पाण्याबाहेर येत नाही. कोकण किनाऱ्यावर उडणार असाल तर पीएलबी लाइफ जॅकेटला हवा, मागच्या सीटवरच्या बॅगेत नव्हे. हडपसरच्या ग्लायडरवाल्यांना मात्र मी आधी हाच सुचवेन, पॅराशूटच्या पट्ट्याला अडकवलेला.

मोबाइलवरचं ट्रॅकिंग अॅप घरच्यांच्या समाधानाला ठीक. डोंगराआड ठिपका थांबतो, आणि तो रेंज गेल्यामुळे थांबला की विमान पडल्यामुळे, हे कळत नाही. परदेशी सॅटेलाइट मेसेंजरचा, म्हणजे उपग्रहावरून निरोप धाडणाऱ्या यंत्राचा, मोह टाळा. विनापरवाना जवळ बाळगल्याबद्दल आपल्याकडे परदेशी पर्यटकांना अटक झालेली आहे.

माझा कौल: जीपीएस जोडलेला, पक्का बसवलेला ४०६ आधी, पैसे उरले तर पीएलबी. पीएलबी एकटाच घेऊन डबा टाळण्याचा हिशेब मला पटत नाही, आणि डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम तुमच्या विमानाला काय सांगतात ते पाहिल्याशिवाय तो करूही नका.

विमान परदेशातून आलं असेल तर आणखी एक काम. बीकनमध्ये देशाचा कोड भरलेला असतो, भारताचा ४१९. तो बदलला नाही तर तुमच्या अपघाताचा फोन जुन्या मालकाला जाईल. कोड बदलून घ्या आणि बेंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅक या संस्थेतल्या, बीकनचे इशारे टिपणाऱ्या केंद्राकडे नोंदणी करा. अर्जात संपर्क क्रमांक जमिनीवर राहणाऱ्या माणसाचा द्या. चौघे भागीदार मिळून उडणार असाल, तर चौघांपैकी कुणाचाच नको.