उन्हाळ्यात कनू की जंगलवाट?

मला विचाराल तर पहाटेची कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, आधी. वल्हं हळू मारलं की आवाज जवळजवळ होतच नाही. बगळे, खंड्या हाकेच्या अंतरावर दिसतात. जंगलात पायाखाली पाचोळा वाजला की पाखरं उडालीच!

मात्र पाण्यावर सावली नसते. ऊन खालूनही परावर्तित होतं, म्हणून हनुवटीखालीही सनस्क्रीन लावा. दुपारी वारा बहुधा वाढतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध निघावं, म्हणजे थकल्यावर परतताना तो पाठीशी राहतो. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालाच.

जंगलवाटेवर झाडांची सावली मिळते, वाटेल तिथे थांबून मुंग्यांची रांग निरखता येते. तासाला साधारण अर्धा लिटर पाणी धरा. उतारावर गुडघे कुरकुरत असतील तर कनू, खांदा धरला असेल तर पायवाट.