अपघाताच्या क्लेमसाठी दादरचं एक वकील ऑफिस: चार स्टार

ऑफिस दादर पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. अपघाताच्या केसेस घेणाऱ्यांनी असा जिना निवडावा म्हणजे कमालच! माझा दीर वॉकर घेऊन आलेला. वकील मॅडम स्वतः खाली उतरल्या आणि शेजारच्या उडप्याकडे बसून सगळे कागद बघितले. नाव लिहीत नाही. वकिलांना जाहिरातीची बंदी असते, त्यांनीच नको म्हणून सांगितलं.

दीर इलेक्ट्रिशियन, वय 38. मानखुर्दजवळ टेम्पोने बाइक उडवली, पायात रॉड घालावा लागला. हॉस्पिटलच्या गेटवरच एक एजंट चिकटला होता. "आत्ता खर्च काही नाही, मिळतील त्यातले तीस टक्के आमच्या वकिलाचे." मॅडमनी आधी तेच मोडून काढलं. भरपाईत वाटा ठरवून फी घेणं आपल्याकडे वकिलांना चालतच नाही. यांची फी टप्प्याटप्प्याने, पावतीसकट. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिकडे वाट्याचा प्रकार सर्रास चालतो. पण तिकडे दावा लावायची मुदतही राज्यागणिक वेगळी: न्यू जर्सीत दोन वर्षं, शेजारी न्यूयॉर्कमध्ये तीन. आपला मोटार वाहन कायदा देशभर एकच, आणि 2022 पासून मुदत अपघातापासून फक्त सहा महिने. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी दावा आपण राहतो तिथल्या ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टात, लावता येतो, हेही तिथेच कळलं.

खरा कस पुढे लागला. अपंगत्वाच्या दाखल्यावर 20 टक्के लिहून आले होते. आम्हाला वाटलं, झालं, आता एवढंच. मॅडमनी दिराला विचारलं, "शिडी चढता येते? उकिडवं बसून खालचा बोर्ड उघडता येतो?" दोन्हीला नाही. मग त्यांनी बिलाच्या पाठीवरच हिशोब मांडला. महिन्याची कमाई 20,000 धरली तर वर्षाची 2,40,000. या वयाला गुणक (वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा) 15, म्हणजे 36 लाख. त्याचे 20 टक्के 7 लाख 20 हजार. कोर्टाने 40 धरले तर थेट दुप्पट. दाखल्यातले टक्के पायाचे. कोर्टाने बघायचं ते कमाई किती बुडाली. सुप्रीम कोर्टाच्या 2010 सालच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हेच आहे.

बरं, कमाई दाखवायची कशी? सॅलरी स्लिप कुठून आणणार? मॅडमनी गूगल पेचा हिशोब, वायरिंगच्या दुकानातली उधारीची वही आणि ज्या सोसायट्यांची कामं केली त्यांच्या सेक्रेटरींची पत्रं आणायला लावली. हे आम्हाला सात जन्मात सुचलं नसतं.

एक स्टार कापला तो क्लार्कमुळे. फोन उचलला तर उचलला, आणि "तारीख पडली" याच्यापुढे गाडी जात नाही. टायपिंग-झेरॉक्सचे पैसे वेगळे, तेही आधी सांगत नाहीत. केस अजून चालू आहे. इन्शुरन्सवाले लोकअदालतीत मिटवा म्हणतायत. मॅडम म्हणतात, आकडा बघू, मग बोलू. अर्जाच्या तारखेपासून व्याज मागता येतं, त्यामुळे आम्हीही तग धरून आहोत.

जायचं तर संध्याकाळी सहानंतर जा, दिवसा त्या कोर्टात असतात. एफआयआर, स्पॉट पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची मूळ बिलं सोबत न्या. मेडिकलवाल्यांच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, त्यांची झेरॉक्स आजच काढून ठेवा.