एक हंगाम, दोन खेळ: मुंबई सिटी आणि घर हरवलेली हॉकी

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा हंगामी पास काढून 2024-25चा इंडियन सुपर लीग (आयएसएल) हंगाम स्टँडमध्ये बसून काढला. त्याच हिवाळ्यात सात वर्षांनी परतलेली हॉकी इंडिया लीग टीव्हीवर नेमाने पाहिली. पुढच्या वर्षी पास घ्यावा का, असं ओळखीतले लोक विचारतायत, म्हणून सविस्तर लिहिते. फुटबॉलपुरतं उत्तर सोपं आहे: घ्या. हॉकीचं लांबलचक आहे, कारण मुंबईकराने घ्यावा असा पासच अस्तित्वात नाही.

आधी संघाबद्दल. मे 2024मध्ये याच संघाने कोलकात्यात जाऊन मोहन बागानला त्यांच्या प्रेक्षकांसमोर 3-1 हरवलं आणि आयएसएलचा चषक आणला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात संघाचा कणाच निघून गेला. मधल्या फळीतला अपुईया मोहन बागानकडे, तर राहुल भेके, नोगेरा आणि परेरा डियाझ बंगळूरूकडे. इतके जण एकदम गेल्यावर नव्यांनी जम बसवायला वेळ घेतला तर त्यांना बोल लावता येत नाही, पण फरक डोळ्यांत भरत होता. अपुईयाचं मोल टीव्हीवर पूर्ण कळत नाही. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो बचावफळीच्या पुढची मोकळी जागा आधीच अडवून उभा असायचा. या वर्षी ती जागा वारंवार उघडी पडली. मधल्या फळीत राहिलेल्या व्हॅन नीफचा लांब पास बघण्यासारखा आहे, पायाची नजाकत उत्तम आहे, पण त्याच्याकडून अपुईयाची धावाधाव मागणं हा त्याच्यावर अन्याय होता. आकडे तेच सांगतात: आधीच्या हंगामात 22 सामन्यांत 47 गुण, या हंगामात 24 सामन्यांत 36. साखळीत सहावा क्रमांक. शेवटच्या सामन्यात बंगळूरूला त्यांच्याच मैदानावर 2-0 हरवून आपण प्ले-ऑफ गाठलं, आणि 29 मार्चला त्याच मैदानावर 0-5 असे बाहेर पडलो. तो निकाल अजून पचलेला नाही.

तरीही पास घ्या म्हणते, त्याचं कारण अंधेरीचं मैदान. सात-आठ हजारांचं छोटं स्टेडियम, मेट्रोने आझाद नगरला उतरलं की चालत पोहोचता येतं, आणि आत गेल्यावर आपला विंगर छांगटे उजव्या बाजूने वेग घेतो तेव्हा सगळा स्टँड त्याच्याबरोबर उभा राहतो. कॅमेरा चेंडूमागे जातो. स्टँडमधून मात्र छांगटे धाव सुरू करण्याआधी समोरच्या बचावपटूला कसा आत खेचतो ते दिसतं. 3 नोव्हेंबरचा केरळा ब्लास्टर्सविरुद्धचा सामना घ्या. आपण 2-0 पुढे, मग 2-2. बरोबरी साधणाऱ्या पेप्राने आनंदाच्या भरात जर्सी काढली, दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. तिथून आपण 4-2 जिंकलो. केरळचे पाठीराखे मुंबईत हजारोंनी आहेत, त्यांच्या पिवळ्या जर्सींचा आवाज आणि आपल्या पाठीराख्यांच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’चे ढोल एकमेकांवर आदळत होते. अशी संध्याकाळ घरी सोफ्यावर मिळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ढोलांच्या अगदी शेजारी बसू नये, थोडं वर बसावं. खेळ नीट दिसतो आणि आवाजही मिळतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आपण ‘आमची सिटी’ म्हणून घसा कोरडा करतो, तर मैदानावर आमची पोरं दिसायला हवीत. एप्रिल 2022मध्ये रियाधमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाविरुद्ध विजयी गोल भेकेचा होता. आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब म्हणजे आपण. तो गोल मुंबईच्या पोराने केला याचा आनंद वेगळाच होता. कोल्हापुरात पेठापेठांतले तालीम संघ शाहू स्टेडियम भरवतात, अनिकेत जाधवसारखा मुलगा तिथून निघून 2017चा 17 वर्षांखालील वर्ल्ड कप खेळतो. इतकी तयार जमीन अंधेरीपासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. क्लबने दर हंगामात तिथून दोन-तीन मुलं उचलून त्यांना खरोखर मैदानात मिनिटं द्यावीत, एवढीच मागणी आहे.

आणि एक गोष्ट नव्या चाहत्यांना माहीत असावी. महाराष्ट्रात फुटबॉलचा क्लब टिकणं ही साधी बाब नाही. महिंद्रा युनायटेडने 2005-06ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि 2010मध्ये संघ बंद झाला. कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी गेला. पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी, सगळे गेले. अशा राज्यात 2014पासून सलग अकरा हंगाम खेळलेला क्लब आपल्याकडे आहे. सहाव्या क्रमांकाच्या वर्षी त्याच्याकडे पाठ फिरवायची नसते.

आता हॉकी. मी शाळेत हॉकी खेळले, त्यामुळे इथे मन जास्त गुंतलेलं आहे. नव्या लीगमध्ये पुरुषांचे आठ संघ होते. दिल्ली, बंगाल, हैदराबाद, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, ओडिशा, पंजाबकडचा सूरमा, विशाखापट्टणमचा गोनासिका. महाराष्ट्राचा एकही नाही. धनराज पिल्ले ज्या खडकीत घडले, युवराज वाल्मिकी ज्या मरीन लाइन्सला वाढला, त्या राज्याचं नाव यादीत नाही. चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, रेल्वे यांच्या लढती रंगायच्या. खेळाडूंना नोकरी मिळायची आणि शहराला हॉकी. व्यावसायिक लीग आल्या तेव्हा वाटलं, आता याच्यावर मजला चढेल. प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स आले. 2012मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकीत मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स आले. पुण्याने फायनल गाठली आणि ती लीग पुन्हा झालीच नाही. मग हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्स: रिक चार्ल्सवर्थसारखा प्रशिक्षक असूनही 2013मध्ये तळाला. त्यानंतर दबंग मुंबई. 2017ला हा संघ फायनलमध्ये पोहोचला, कलिंगा लान्सर्सकडून 1-4 हरला, आणि जरा कुठे जीव जडला तोच लीगच थांबली. दर वेळी नवं नाव, नवा रंग, नवी जर्सी. चाहता तयार व्हायला एक संघ सलग पाच-सहा वर्षं डोळ्यांसमोर लागतो, बापाने पोराला घेऊन जायला तेवढा काळ लागतो.

या हंगामात मी जवळचा शेजारी म्हणून हैदराबाद तूफान्सला धरलं. खेळ म्हणाल तर अप्रतिम. पंधरा मिनिटांची चार सत्रं, सतत बदली खेळाडू, एक क्षण डोळा हलवता येत नाही. तूफान्सच्या गोंसालो पेयाच्या, पेनल्टी कॉर्नरवरच्या ड्रॅग फ्लिकची ताकद बघून मान डोलावीच लागते. 1 फेब्रुवारीच्या फायनलमध्ये बंगाल टायगर्सच्या जुगराज सिंगने तीन गोल ठोकले आणि तूफान्स 3-4 हरले. वाईट वाटलं, पण बंगळूरूच्या 0-5सारखं आतून दुखलं नाही. फरक तिथेच आहे: हरल्यावर दुखायला संघ आपला लागतो.

शिवाय या वेळी पुरुषांची लीग प्रामुख्याने राउरकेलाला आणि महिलांची रांचीला झाली. राउरकेलाचं वीस हजारांचं बिरसा मुंडा स्टेडियम, प्रवेश मोफत, त्या भागात हॉकी श्वासासारखी. तिथले लोक या लीगला पात्र आहेत, यात शंका नाही. पण हैदराबादच्या किंवा चेन्नईच्या पोराने आपला संघ घरी कधी पाहायचा? संघांनी निदान तीन-चार सामने आपापल्या शहरात खेळावेत. महिलांची लीग सुरू झाली हे मात्र मनापासून आवडलं. ओडिशा वॉरियर्सने सूरमाला 2-1 हरवलं ती फायनल मी भाचीला शेजारी बसवून दाखवली, आणि ती आता हॉकी स्टिक मागते आहे.

तर माझं ठरलं आहे. अंधेरीचा पास पुढच्या हंगामासाठीही घेणार, भाचीचा धरून दोन. हॉकी लीगमध्ये मुंबईचा किंवा पुण्याचा संघ उतरला तर त्याचाही पहिल्या दिवशी घेईन, नाव काहीही ठेवोत, फक्त घरचे सामने इथे खेळवा. तोपर्यंत चर्चगेटला स्थानिक स्पर्धा लागली की जायचं. स्टेशनच्या इतकं जवळ हॉकीचं टर्फ असलेलं शहर देशात दुसरं शोधावं लागेल, आणि तिथे खेळणाऱ्या मुलांना बघायला माणसं हवी आहेत.