स्टार ॲनालायझर १०० : गोव्यातून क्वेसारची ताम्रसृती मोजण्यासाठी

सव्वा इंची फिल्टरएवढी चकती, मिलिमीटरला १०० रेषा. हे ग्रेटिंग, म्हणजे बारीक समांतर रेषांनी प्रकाशाचे रंग वेगळे करणारी काच, कॅमेऱ्याच्या नोजपीसच्या (दुर्बिणीत सरकणाऱ्या नळीच्या) आट्यांत बसते आणि ताऱ्याशेजारी त्याचा वर्णपट उमटतो. ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट (वर्णपटातल्या रेषांचे तांबड्या बाजूला सरकणे), स्वतः मोजायची असेल तर जरूर घ्या.

मात्र ते दीर्घिकांवर रोखू नका. यात प्रकाशाची अरुंद पट्टीच आत सोडणारी फट नसते, त्यामुळे वस्तू पसरट असली की रेषा एकमेकींत मिसळतात. बिंदूसारखा क्वेसारच (अतिदूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र) हवा : कन्या राशीतला ३सी २७३. त्याची प्रत (तेजस्वितेचे माप) १३च्या आसपास, आणि गोव्यातून तो सुमारे ७६ अंश उंच चढतो. ८ इंची दुर्बीण, कृष्णधवल कॅमेरा आणि चांगले ट्रॅकिंग पुरते. मार्च-एप्रिलमध्ये पणजी-म्हापशाच्या उजेडापासून दूर, सांगे किंवा काणकोणकडे जा.

ग्रेटिंग सेन्सरपासून ५० मिमी ठेवले, तर ३.७५ मायक्रॉनच्या एका पिक्सेलला ७.५ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) येतात. आधी उत्तरा फाल्गुनीचा वर्णपट घ्या. हायड्रोजनच्या काळ्या रेषा त्यात ठसठशीत असतात. ताऱ्याच्या ठिपक्यापासून ४८६१ अँगस्ट्रॉमची हायड्रोजनची बीटा रेषा साधारण ६४८ पिक्सेलवर येते, की झाली मोजपट्टी. मग क्वेसारच्या एकूण तासाभराच्या छोट्या छोट्या फ्रेम एकावर एक रचा. तीच रेषा, आता उजळ आणि रुंद, ५६२९ अँगस्ट्रॉमजवळ दिसते : १०० पिक्सेलहून अधिक सरकलेली! ५६२९ भागिले ४८६१ म्हणजे १.१५८. म्हणजे हा प्रकाश निघाल्यापासून अवकाश जवळजवळ १६ टक्के ताणले गेले आहे. १९६३मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी ओळखलेले सरकणे ते हेच.

हायड्रोजनच्या अल्फा रेषेच्या मागे लागू नका. ती ७६०० अँगस्ट्रॉमवर जाते आणि नेमका तिथेच आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचा शोषणपट्टा आहे. फोकस ठिपक्यावर नव्हे, वर्णपटावर करा. नाहीतर रेषा पुसट होतात. शेजारचा तारा वर्णपटावर आला तर कॅमेरा थोडा फिरवून पुन्हा घ्या. आटे घट्ट आवळल्यावर वर्णपट पिक्सेलच्या ओळीला तिरका येतो, ही या चकतीची खरी अडचण. त्यासाठी पातळ लॉकरिंग (चकती हव्या त्या कोनात पक्की धरणारी कडी) वेगळी घ्यावी.

दुर्बिणीला दवटोपी लावाच. जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही. तेव्हा चकती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, कारण इथल्या दमट हवेत काचेला बुरशी लवकर धरते.